ग्रामसंघाचं अध्यक्षपद घ्या, पण तुमचं एकरभर रान सोडू नका

प्रश्न विचारणाऱ्या ताई लातूर जिल्ह्यातल्या औसा तालुक्यातल्या आहेत. चार एकर कोरडवाहू, एक बोअर, तोही मार्चनंतर उचक्या देणारा. नवरा टेम्पो चालवतो, घरात सासू आणि शाळेत जाणारी दोन लेकरं. बचत गटाच्या सचिव म्हणून काही वर्षं काम केलंय आणि आता सीआरपी ताई (बचत गटांचं काम बघणाऱ्या गावातल्या कार्यकर्त्या) मागे लागल्यात की ग्रामसंघाच्या, म्हणजे गावातल्या बचत गटांच्या संघाच्या, अध्यक्ष व्हा. घरचे म्हणतात, "त्यात रुपया मिळत नाही आणि शेताचं मातेरं होईल." ताईंचं विचारणं असं : शेतात राबणारी बाई गावाचं काम खरंच ओढू शकते का, की दोन्हींतलं एक सोडावंच लागतं?

ताई, घरच्यांचं अर्धं बोलणं खरं आहे, ते आधी मान्य करून टाकू. उमेदमध्ये, म्हणजे बचत गटांच्या सरकारी अभियानात, सीआरपी, कृषी सखी, पशुसखी, बँक सखी यांना थोडंफार मानधन असतं आणि तेही वेळेवर मिळावं, वाढावं म्हणून बायकांना रस्त्यावर उतरावं लागलंय. ग्रामसंघाची अध्यक्ष, सचिव, कोषाध्यक्ष ही बायांनी निवडून दिलेली पदं, त्यांना पगार नसतो. तालुक्याला जायचा प्रवासखर्च बैठकीत ठराव घालून घेता येतो, तेवढा बिनदिक्कत घ्या. पहिल्याच महिन्यापासून घ्या. "राहू द्या, माझ्याच पैशानं जाऊन येते" असं म्हणणारी बाई मनानं मोठी असते, पण वर्षाच्या आत घरात त्याच पैशांवरून तोंडं वाजतात आणि मग बैठका सुटतात.

आता शेताचं. लोहारा, उमरगा, निलंगा, तुळजापूर या पट्ट्यात मी गटांचं काम करत फिरले, स्वतःची शेतीही केली. पुढारपण टिकवलेल्या बाया पाहिल्या आणि दोन वर्षांत विझून गेलेल्याही पाहिल्या. शिक्षण, जात, नवऱ्याचा पाठिंबा या सगळ्यानं फरक पडतो. पण सगळ्यात मोठा फरक मला दिसला तो हा की टिकलेल्या बाईकडं स्वतःच्या निर्णयानं चालणारा जमिनीचा तुकडा होता. शेत विसरून पूर्णवेळ मिटिंगवाली झालेल्या बाईचं गावातलं वजन हळूहळू उतरतं. तालुक्याला तिला सगळे ओळखतात आणि गावातल्या बाया मात्र मागून म्हणतात, "तिला काय, ती तर आता मॅडम झाली." जी सकाळी खुरपं घेऊन रानात दिसते, तिनं संध्याकाळी "हप्ता भरा गं" म्हटलं तर ते ऐकलं जातं.

बायांनी गावाचं काम हाती घेणं आपल्या भागात आजचं नाही. ३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे चारच्या सुमारास किल्लारीचा भूकंप झाला. दगडमातीच्या रुंद भिंती आणि वरची जड माळवदं, त्याखाली हजारो माणसं गेली. पूर्ण कोसळलेल्या गावांचं पुनर्वसन सरकारनं आणि संस्थांनी केलं. पण तडे गेलेल्या, अर्धवट पडलेल्या घरांची गावं त्याहून कितीतरी जास्त होती. ती घरं घरमालकांनीच दुरुस्त करून मजबूत करायची, सरकारनं हप्त्यानं पैसे द्यायचे, असा कार्यक्रम निघाला. लोकांना तो समजावणार कोण? स्वयं शिक्षण प्रयोग या प्रेमा गोपालन यांच्या संस्थेनं गावोगावच्या बाया 'संवाद सहाय्यक' म्हणून पुढं आणल्या. भिंतीचे दोन्ही थर सांधणारा जोडदगड कुठं घालायचा, कोपरे कसे बांधायचे, पुढचा हप्ता कधी मिळतो, हे त्या घरोघरी सांगत. गवंडी चुकला तर बाई तोंडावर सांगे. तोवर ज्यांना चावडीसमोरून जाताना पदर तोंडावर ओढावा लागे, त्या बाया तहसीलमध्ये जाऊन यादी मागू लागल्या. २००१ मध्ये कच्छला भूकंप झाला तेव्हा इथल्याच बाया तिकडच्या बायांना धीर द्यायला आणि काम दाखवायला गेल्या. बचत गटांचं जाळं इथं घट्ट झालं ते या सगळ्याच्या अंगानं. तुमच्या सासूबाईंना विचारा, त्यांच्या वयाच्या कुणीतरी संवाद सहाय्यक त्यांना नक्की आठवेल.

पुढं दुष्काळाची वर्षं आली. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आणावं लागलं, ते सगळ्या देशानं पाहिलं. त्याच काळात हाच बायांचा गोतावळा एक एकराचं शेत धरून बसला होता. कल्पना साधी होती. घरच्या जमिनीतला अर्धा ते एक एकर बाईच्या हाती द्या. त्यात ती आधी खायचं पिकवेल : ज्वारी, उडीद, मूग, तूर, मटकी, भाजीपाला. खत शेणाचं आणि गांडुळाचं, फवारणी दशपर्णीची, म्हणजे झाडपाल्याच्या अर्काची, पाणी थोडं आणि जपून. उरेल ते विकायचं. या कामाला २०१६ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचा इक्वेटर पुरस्कार मिळाला. तुळजापूर तालुक्यातल्या गंधोऱ्याच्या गोदावरी डांगे याच कामातून पुढं आल्या. तरुणपणी वैधव्य आलेलं, घराबाहेर पडणंही नको झालेलं, अशा अवस्थेतून त्या गटात आल्या आणि नंतर शेकडो गावांतल्या बायांना शेतीचं शिकवू लागल्या. त्यांच्याबद्दल बोलताना लोक "परदेशात जाऊन आल्या" हेच आधी सांगतात. मला त्यात फारसं काही वाटत नाही. बाईनं बाईला आपल्या वाफ्यात उभं राहून शिकवलं, हे महत्त्वाचं.

म्हणून अध्यक्षपदाच्या आधी घरात एकराचं बोलणं करा. कसं बोलायचं ते सांगते, कारण इथंच बहुतेकींचं गाडं अडतं. "मला माझा हक्क द्या" असं म्हटलं की पहिल्याच वाक्याला भिंत उभी राहते. हक्क खराच आहे, पण त्याचं नंतर बोलू. आधी किराण्याच्या वहीतून बोला. वर्षाला डाळ किती किलो येते, भाजीला आठवडी बाजारात किती जातात, तेल-मीठ सोडून दुकानदाराची उधारी किती, हे एका कागदावर लिहा. मग म्हणा, "बोअरजवळचं वीसेक गुंठे, म्हणजे अर्धा एकर, मला द्या, डाळ आणि भाजी विकत आणायची नाही, एक खरीप बघा." सोयाबीनच्या रानाला हात लावू नका. सोयाबीन आडतीला जातं, पट्टी नवऱ्याच्या नावानं निघते, त्यावर घरातल्या पुरुषाचा जीव असतो. नको तिथं आधी बोट घालायचं नाही. सासूबाईंना आपल्या बाजूला घ्या. जुन्या बायांना मटकी-हुलग्याचं, कारळाचं, अंबाडीचं ज्ञान असतं आणि कित्येक वर्षांत ते त्यांना कुणी विचारलेलं नसतं. एका गावात एका सासूनं मडक्यात राख घालून ठेवलेलं वाणाचं बी काढून दिलं आणि त्या दिवसापासून सुनेच्या बैठकीच्या वेळी लेकरं तीच सांभाळू लागली. हे दरवेळी होतंच असं नाही, पण बियाणं आणि भाजी या विषयावर सासू-सुनेचं जमतं तेवढं दुसऱ्या कशावर जमत नाही. नगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे बघा. शाळेत गेल्या नाहीत, पण गावरान बियाणं राखलं, इतरांना दिलं, २०२० मध्ये पद्मश्री जाहीर झाली. त्यांच्या बोलण्याला वजन आलं ते घरातल्या बियाण्यानं.

या एकरामुळं पुढारपणाला काय मिळतं, त्याचं एक उदाहरण देते. मे महिन्यात ग्रामसंघाची बैठक घ्या आणि अजेंड्यावर एकच विषय ठेवा : घरच्या सोयाबीनची उगवण तपासणी. सोयाबीन स्वपरागसिंचित आहे, त्यामुळं दरवर्षी पिशवी विकत घेण्याची गरज नसते, घरचं चांगलं बी चालतं. प्रत्येकीनं आपल्या पोत्यातून मूठभर बी आणायचं. त्यातले शंभर दाणे मोजायचे, खराब म्हणून निवडून टाकायचे नाहीत, जसे येतील तसे. ओल्या गोणपाटावर ओळीनं मांडायचे, गुंडाळी करायची, सावलीत ठेवून रोज पाणी शिंपडायचं. आठवड्यानं उघडून धड कोंब आलेले मोजायचे. सत्तर किंवा जास्त आले तर नेहमीच्या प्रमाणात, म्हणजे एकरी तीस किलो, पेरा. साठ-पासष्ट आले तर बी थोडं वाढवा. त्याहून फार खाली गेलं तर ते बी बाजारात घाला, पेरू नका. आणि ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय चाड्यावर मूठ धरायची नाही, हेही तिथंच सगळ्यांनी मिळून ठरवायचं. दुबार पेरणीचा खर्च एका घराचाही वाचला, तर तुम्ही त्या घरच्या झालात. नंतर कर्जाचा हप्ता मागायला गेलात तर दार लागत नाही. पुरुषसुद्धा येऊन विचारतात, "आमचे किती उगवले?" असं काम ज्या बाईला स्वतःच्या रानातून सुचतं, तिला वरून आलेल्या कार्यक्रमाची वाट बघावी लागत नाही.

वेळेचं काय, हे तुम्ही नीट विचारलं नाही, पण प्रश्नाच्या पोटात तेच आहे. आपल्याकडं वर्ष सारखं नसतं. जून-जुलैत पेरणी, मग कोळपणी-खुरपणी, दसऱ्याच्या आसपास सोयाबीनची काढणी. हे चार महिने बाईच्या अंगावर सगळ्यात जड. त्यातल्या काढणीच्या तीन आठवड्यांत कुणी तालुक्याला प्रशिक्षण लावलं तर स्पष्ट "येणार नाही" म्हणा. ग्रामसंघाच्या लेटरहेडवर लिहून द्या की प्रशिक्षणं उडीद-मुगाच्या राशी आणि सोयाबीनची काढणी सोडून लावावीत. मी हे केलंय, एकदा दिलेलं पत्र पुढच्या वर्षी दाखवता येतं. जानेवारीपासून मेपर्यंत बराच मोकळा वेळ असतो, मोठी कामं तेव्हा काढा. मासिक बैठक बाजाराच्या दिवशी ठेवा, त्या दिवशी रोजगार बंद असतो आणि मजुरीला जाणाऱ्या बायाही येऊ शकतात. रात्री नऊची बैठक घेऊ नका. कुणी काहीही म्हणो, रात्रीच्या बैठकीला त्याच चार घरच्या बाया येतात आणि बाकीच्यांच्या घरात भांडणं लागतात.

घरातलं काम कमी झालं पाहिजे, हे मात्र कुणी फुकट करून देणार नाही. पहाटेचं पाणी, स्वयंपाक, डबे, गोठा, मग रान, परत स्वयंपाक, या साखळीतलं एक तरी काम पक्कं दुसऱ्याच्या अंगावर टाका. "मदत करा" म्हणू नका. मदत आज असते, उद्या नसते. "संध्याकाळची धार आणि वैरण तुमची" असं नावानिशी ठरवा. पदाला हो म्हणायच्या आधी ठरवा, नंतर कुणी ऐकत नाही.

आता पैशाचं. माझ्या मते ग्रामसंघाच्या अध्यक्षाची खरी परीक्षा इथंच असते. ग्रामसंघाकडं समुदाय गुंतवणूक निधी येतो. तो गटांना कर्ज म्हणून जातो आणि फिरून परत आला पाहिजे. जोखीम प्रवणता निधी अडल्या-नडल्या घरांसाठी असतो. एवढी रक्कम हाताखालून जायला लागली की गावातली नजर बदलते. कोऱ्या चेकवर सही करायची नाही. कितीही घाई असो, कितीही ओळखीचा माणूस असो, "बँकेत साहेब वाट बघतायत" असं कुणी म्हणालं तरी नाही. ठराव आधी, सही नंतर. ठराववही बैठक संपायच्या आत मोठ्यानं वाचून दाखवायची आणि मगच सह्या-अंगठे घ्यायचे. हिशोब लिहिणारी लिपिका हुशार असली तरी महिन्यातून एकदा पासबुक स्वतः भरून आणा आणि वहीशी ताडा. तुम्ही सचिव होतात, हे तुम्हाला येतंच. गमतीची गोष्ट अशी की अध्यक्ष झाल्यावर सचिवपदाच्या सवयी सोडून देणाऱ्या बऱ्याच असतात.

वसुलीत शेतकरी बाईचं डोकं फार उपयोगी पडतं. बँकेचा कागद म्हणतो दर महिन्याला सारखा हप्ता. घरात पैसा मात्र सोयाबीनचा ऑक्टोबर-नोव्हेंबरात, तुरीचा जानेवारी-फेब्रुवारीत, हरभऱ्याचा मार्चला येतो. श्रावणात हप्ता थकणारी बाई बुडवी नसते, तिच्या घरात तेव्हा खरंच काही नसतं. ग्रामसंघाच्या स्वतःच्या निधीतून दिलेल्या कर्जाची परतफेड पिकाच्या पैशाला जोडून ठरवता येते, गटानं तसा ठराव करावा. ज्या घरात रोजचं दूध किंवा भाजी विकली जाते, त्यांना मासिक हप्ता झेपतो. घरोघरचं हे गणित तुम्हाला माहीत असतं, बँकेच्या साहेबाला नसतं. आणि दुसरी गोष्ट, आठवड्याला वसुलीला येणारे फायनान्सवाले. तीन-तीन कंपन्यांचे हप्ते एका बाईच्या डोक्यावर असतात, एकीचं फेडायला दुसरीचं उचललेलं. अध्यक्ष म्हणून पहिल्या तिमाहीत एवढं करा : कोणत्या घरावर कुणाचं किती, याची गुपचूप यादी करा. गावासमोर वाचू नका, अब्रू जाते. मग सगळ्यात अडचणीतल्या दोन-तीन घरांचं आधी सोडवायला घ्या. ग्रामसंघाचं काम खरं कुठं आहे ते त्या यादीतून समजतं, कुठल्याही प्रशिक्षणातून तेवढं समजत नाही.

मघाशी हक्काचं बाजूला ठेवलं होतं, आता ते. एकरात काम तुमचं, पण सातबारा कुणाच्या नावाचा? देशाच्या २०१५-१६ च्या कृषी गणनेत जमीन कसणाऱ्या खातेदारांत बायांचा वाटा सुमारे चौदा टक्के निघाला. राबणाऱ्या बाया त्याच्या किती पट, ते कुठल्याही शिवारात उभं राहून बघावं. ठिबकचं अनुदान, पीक कर्ज, पीक विमा, नुकसानभरपाई, सगळं सातबाऱ्यावरच्या नावाला चिकटलेलं असतं. शेतकरी संघटनेनं नोव्हेंबर १९८६ मध्ये चांदवडला शेतकरी महिलांचं मोठं अधिवेशन घेतलं, पुढं संघटनेचे नेते शरद जोशींनी 'लक्ष्मी मुक्ती'चा कार्यक्रम दिला : नवऱ्यानं राजीखुशीनं बायकोच्या नावावर जमीन करायची. १९९२ मध्ये सरकारनंही परिपत्रक काढलं. त्यानुसार नवऱ्यानं तलाठ्याकडं अर्ज दिला तर बायकोचं नाव सातबाऱ्यावर सहहिस्सेदार म्हणून लागू शकतं. कित्येक तलाठ्यांना हे माहीत नसतं किंवा नको असतं. परिपत्रकाची प्रत घेऊनच जा. एकट्या जाऊ नका, दहा बायांचे अर्ज एका दिवशी, नवऱ्यांना सोबत घेऊन द्या. माहेरच्या वडिलोपार्जित जमिनीत मुलीचा मुलाएवढाच हक्क हिंदू वारसा कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीनं सगळ्या देशात आहे, महाराष्ट्रात त्याआधी १९९४ मध्येच कायदा झाला होता. तो मागायचा की नाही हे ज्याच्या त्याच्या घरचं, भाऊ तुटतो ही भीती खोटी नाही. पण सही करून हक्कसोड देण्याआधी बाईला कागद वाचून दाखवला पाहिजे, इतकं तरी ग्रामसंघानं पाहावं.

गावच्या राजकारणाबद्दल थोडक्यात. अध्यक्ष झालात की निवडणुकीत दोन्हीकडचे येतील. ग्रामपंचायतीत निम्म्या जागा बायांना राखीव आहेत आणि गटातली बोलकी बाई सगळ्यांना हवी असते. उभं राहायचं असेल तर जरूर राहा, मात्र ग्रामसंघाचं पद आधी सोडा आणि कुणाच्या प्रचाराला गट म्हणून जाऊ नका. साहेबांच्या कार्यक्रमाला "पन्नास बाया पाठवा" असा फोन आला तर विषय काय, खर्च कोण करणार, परत किती वाजता सोडणार, हे तीन प्रश्न विचारायचे. उत्तरं मिळाली नाहीत तर त्या दिवशी बायांना रानात काम असतं. उलट महिला सभेला मात्र कोरम भरून जा. ग्रामसभेच्या आधी ती घ्यायची असते, अनेक गावांत ती कागदावरच होते. पाण्याची टाकी, स्मशानाचा रस्ता, दारूचा अड्डा, जे काय असेल ते तिथं लेखी मांडलं की ग्रामसभेत ते टाळणं अवघड जातं.

पद घेऊ नये अशीही वेळ असते. घरात कुणी आजारी असून सगळं तुमच्याच अंगावर असेल, नवरा दारू पिऊन हात उचलत असेल आणि बाहेर पडल्यानं ते वाढणार असेल, किंवा आधीच्या पदाधिकाऱ्यांचा हिशोब लागलेला नसेल तर थांबा. शेवटची गोष्ट तर पक्की तपासा. जुनं लेखापरीक्षण झाल्याचा कागद हातात घेतल्याशिवाय चार्ज घ्यायचा नाही. ती बाई नात्यातली असली तरी.

तुमच्या लिहिण्यावरून मला वाटतं की तुम्ही घ्यावं. घरच्यांशी एकराचं बोलणं झालं की मला एवढं कळवा : रान काळं आहे की मुरमाड, बोअर मार्चला किती मिनिटं चालतो, आणि बांधावर सध्या काय झाडं आहेत. त्यावरून पहिल्या खरिपाला त्या वीस गुंठ्यांत काय-काय घालायचं ते ओळीओळीनं मांडून देते.